पाठीवरची दुसरी टाकी

नेरुळला आमच्या बाल्कनीत एका कोपऱ्यात दोन पिवळ्या टाक्या एकमेकींना बांधून उभ्या आहेत. नवीन पाहुणा आला की हमखास विचारतो, "हा ऑक्सिजन कोणासाठी? घरात कोणी आजारी आहे का?" मग मला सांगावं लागतं की आजारी कोणी नाही आणि त्यात ऑक्सिजनही नाही. त्यात आपली साधी हवा आहे, तुम्ही-आम्ही घेतो तीच, फक्त खूप दाबून भरलेली. वर्तमानपत्रांत पाणबुड्यांच्या बातम्या येतात तेव्हा 'ऑक्सिजनच्या टाक्या' असं हटकून छापलेलं असतं. पण शुद्ध ऑक्सिजन घेऊन सहा-सात मीटरच्या खाली गेलं तर तोच विषासारखा वागू लागतो, माणसाला झटके येऊ शकतात. असो. आज मला त्या दोन टाक्यांची गोष्ट सांगायची आहे. ती मी आजवर पुरती अशी दोनच माणसांना सांगितली आहे.

मी मूळचा फिटर. तुर्भ्याच्या औद्योगिक वसाहतीत माझी उमेदीची वर्षं गेली. पाण्याचा नाद लहानपणापासून होता. पुढे स्कूबा शिकलो आणि रविवारी-सुट्टीच्या दिवशी एका छोट्या गटाबरोबर जेट्टीचे खांब तपासायच्या कामाला जाऊ लागलो. आमच्या खाडीचं पाणी ज्यांनी वाशीच्या पुलावरून पाहिलं आहे त्यांना वेगळं सांगायला नको. त्यात खाली काही दिसत नाही. हाताची बोटं डोळ्यांसमोर धरली तरी दिसत नाहीत. खांबावरचा शिंपल्यांचा थर खरवडायचा, काँक्रीटला तडा आहे का ते बोटांनी चाचपायचं, वर येऊन सांगायचं. २०१३ च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या गोदीत 'सिंधुरक्षक' पाणबुडी स्फोट होऊन बुडाली आणि नौदलाचे पाणबुडे आत शिरून आपल्या सहकाऱ्यांना शोधत होते, तेव्हा 'दृश्यता शून्य' हे शब्द लोकांनी पहिल्यांदा वाचले असतील. मला ते वाचताना अंगावर काटा आला होता, कारण तेच पाणी मी, फार सोप्या कामासाठी का होईना, अंगावर घेतलं होतं.

२००४ साली उरणच्या बाजूला एका खाजगी जेट्टीवर माझी हवा संपली. खोली जेमतेम नऊ मीटर. हवेचा दाब दाखवणारं गेज मी काचेला चिकटवून, विजेरी लावून बघत होतो, पण गाळात काटा दिसेना. श्वास जड झाला तसा खांबाला धरून वर निघालो आणि डोकं एका बार्जच्या तळाला आपटलं. भरतीबरोबर ती सरकून खांबांवर आली होती. मी आधी चुकीच्या दिशेला गेलो. मग उलटा फिरलो. बाहेर आलो तेव्हा छातीत हवा नव्हती आणि तोंडात चिखल होता.

आमच्या गटात नौदलातून निवृत्त झालेले एक काका होते. ते काही ओरडले नाहीत. चहा पाजला आणि म्हणाले, "हे काम पाठीवरच्या टाकीचं नाहीच. इथे वरून नळी हवी, टेलिफोन हवा, वर माणूस हवा. ते नसेल तर हे पाणी तुझं नव्हे." बरोबरच होतं ते. बंदरातलं काम करणारे धंदेवाईक पाणबुडे वरून नळीने हवा घेतात आणि पाठीवर एक बाटली निव्वळ संकटापुरती ठेवतात. मी खाडीतली कामं सोडली. पण डोक्यात एक किडा राहिला: एक टाकी संपली तर दुसरी हवी.

कल्पना काही माझी नव्हे. फ्रान्समध्ये कूस्तो आणि गान्यान यांनी १९४३ साली आजच्या स्कूबाचा पूर्वज बनवला, तेव्हापासूनच माणसं पाठीवर दोन-दोन, तीन-तीन टाक्या बांधत आली आहेत. नुसतं 'बांधणं' मात्र वाटतं तितकं सोपं नाही, आणि इथे माझ्यातला फिटर खूश झाला.

हिशेब ऐका. माझ्या एका टाकीत अकरा लिटर पाणी मावतं. तिच्यात २०० बार दाबाने हवा भरली की ती बावीसशे लिटर होते. गाडीच्या चाकात दोन-सव्वादोन बार असतात, त्यावरून दाबाची कल्पना यावी. माणूस जमिनीवर सावकाश हालचाल करताना मिनिटाला वीसेक लिटर हवा घेतो. दहा मीटर खाली त्याला दुप्पट लागते, वीस मीटरवर तिप्पट, तीस मीटरवर चौपट, कारण पाण्याचा दाब वाढतो तशी हवाही तितक्याच दाबाने छातीत जावी लागते. म्हणजे वीस मीटरवर मिनिटाला साठ लिटर. पन्नास बार राखीव ठेवले तर एक टाकी सत्तावीस-अठ्ठावीस मिनिटं पुरते. दोन टाक्या पंचावन्न मिनिटं.

हा हिशेब मी बायकोला कागदावर मांडून दाखवला. ती म्हणाली, "अहो, दोन टाक्या म्हणजे काळजी निम्मी की दुप्पट?" मी हसलो होतो.

टाक्या ॲल्युमिनियमच्या, व्यास १८४ मिलिमीटर. त्या जोडायला तीन गोष्टी लागतात. एक, दोन्ही टाक्यांच्या तोंडांना जोडणारी आडवी नळी, तिला मॅनिफोल्ड म्हणतात. तिच्या दोन टोकांना दोन नळ आणि बरोबर मध्ये तिसरा नळ. मधला नळ उघडा असला की दोन्ही टाक्या मिळून एकच कोठी होते. कुठे गळती लागली तर मधला बंद करायचा, म्हणजे निम्मी हवा तरी वाचते. दुसरी गोष्ट, टाक्यांना कवटाळणारे पोलादी पट्टे. तिसरी, पाठीला लागणारी धातूची पाटी. तिच्या भोकांतलं अंतर जगभर अकरा इंच ठरलेलं आहे, त्यामुळे कुणाचीही पाटी कुणाच्याही पट्ट्यांवर बसते.

मॅनिफोल्ड घरी करायची वस्तू नव्हे. तो मी जहाजावर नोकरी करणाऱ्या भाच्याकडून परदेशातून मागवला. पट्टे आणि पाटी मात्र मीच केली. कळंबोलीच्या लोखंड बाजारातून स्टेनलेसची पट्टी आणि पत्रा आणला, एका मित्राच्या वर्कशॉपमध्ये वाकवला. तिथला वेल्डर उत्साही होता. "साहेब, पट्टे कशाला, टाकीलाच दोन कान वेल्ड मारून टाकतो की!" म्हणाला. मी त्याचा हात धरला. ॲल्युमिनियमच्या या टाक्या विशिष्ट तापमानाला तापवून कडक केलेल्या असतात; वेल्डिंगच्या उष्णतेने ती ताकद जाते. दोनशे बार म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर दोनशे किलोचा रेटा. अशा टाकीला भोक नाही, वेल्ड नाही, फाइलचा एक हातही नाही. आपल्याकडे दाबाखालच्या सिलिंडरांचे नियम बघणारं सरकारी खातं स्फोटकांचंच आहे. त्याचं मुख्यालय नागपूरला आणि एक मोठं कार्यालय आमच्या नेरुळपासून दोन स्टेशनांवर, सीबीडी बेलापूरला. हवेची टाकी स्फोटकांच्या खात्याकडे का, हे त्या वेल्डरला त्या दिवशी नीट कळलं असावं.

माझी पहिली चूक पट्ट्यांत झाली. मॅनिफोल्डच्या दोन टोकांतलं अंतर २१५ मिलिमीटर, टाकीचा व्यास १८४. म्हणजे दोन टाक्यांमध्ये एकतीस मिलिमीटरची फट राहायला हवी. मी पट्टे घट्ट आवळले आणि टाक्या खालून एकमेकींकडे ओढल्या गेल्या. बघताना छान दिसत होतं, अगदी कारखान्यातून आल्यासारखं. पण सगळा ताण वरच्या नळीवर आला आणि पाण्यात घातल्यावर नळीच्या सांध्यातून बारीक बुडबुड्यांची माळ निघाली. मग मधल्या फटीत बसतील असे ठोकळे तासून घातले, पट्टे पुन्हा वाकवले. बुडबुडे थांबले. म्हणजे बहुतेक थांबले. एखादा दिवस यायचे, एखादा दिवस नाही.

दुसरी अडचण पाण्यात कळली. एका टाकीचं जाकीट दोन टाक्यांना पुरत नाही. दोन्ही भरलेल्या टाक्यांतल्या नुसत्या हवेचंच वजन पाच किलोच्या वर. सुरुवातीला माणूस दगडासारखा खाली जातो आणि शेवटी, टाक्या रिकाम्या झाल्यावर, त्याच टाक्या त्याला वर ओढू लागतात. त्यामुळे मोठी फुगवायची पिशवी लागते, तिला 'विंग' म्हणतात, आणि कमरेच्या शिशाचा हिशेब शेवटच्या पाच मिनिटांसाठी करायचा असतो. सगळा संसार जमिनीवर चाळीस किलोच्या आसपास भरतो. बोटीवर तो पाठीला लावून उभं राहताना माझ्या गुडघ्यांनी जे शब्द काढले ते इथे सांगण्यासारखे नाहीत.

तिसरी गोष्ट काकांनी माझ्याकडून घोटून घेतली. नेरुळच्या एका तरणतलावात त्यांनी मला डोळ्यांवर काळी पट्टी बांधून बसवलं आणि पाठीमागे हात नेऊन तिन्ही नळ बंद-चालू करायला लावले. पहिल्या दिवशी माझा हात मधल्या नळापर्यंत पोचेचना. टाक्या पट्ट्यांत दोन इंच वर सरकवल्या, तेव्हा पोचला. "ज्या नळाला हात पोचत नाही तो नळ नाहीच असं समज," काका म्हणाले. उजव्या टाकीवर तोंडातला रेग्युलेटर, लांब नळीचा, म्हणजे संकटात तो जोडीदाराला देता येतो. डाव्या टाकीवर दुसरा रेग्युलेटर, गळ्यात रबराने अडकवलेला. गेजही डावीकडे. ही मांडणी अमेरिकेतल्या गुहांमध्ये पोहणाऱ्यांनी बसवली. छताला घासून डावा नळ नकळत बंद होऊ शकतो, म्हणून तोंडातली हवा उजवीकडून घ्यायची. त्या लोकांनी बरेच मित्र गमावून हे शहाणपण मिळवलं आहे.

आता गोष्टीकडे येतो.

नोव्हेंबर २०११ मध्ये आम्ही चौघं मुर्डेश्वरला गेलो. तिथून एकोणीसेक किलोमीटर समुद्रात नेत्राणी नावाचं बेट आहे. पाणी निळं, तळ दिसतो. खाडीत वाढलेल्या माणसाला ते स्वप्नच. माझा जोडीदार दिवाळे गावचा, माझ्याहून बारा वर्षांनी लहान, मला दादा म्हणणारा. त्याच्या पाठीवर एक टाकी, माझ्या पाठीवर दोन. आदल्या रात्री लॉजवर मला पुन्हा ती बारीक शीळ ऐकू आल्यासारखी वाटली. साबणाचं पाणी लावलं. कुठल्या बाजूने गळतंय ते बघायला मधला नळ बंद केला. सांधा थोडा आवळला, शीळ थांबली. खालून जोडीदाराने जेवायला हाक मारली, मी हात पुसले आणि गेलो.

मधला नळ तसाच राहिला. बंद.

सकाळी चोवीस मीटरवर पोचलो. दहाव्या मिनिटाला गेज बघितलं, २००. पंधराव्याला बघितलं, २००. मला काय वाटलं असेल? मला अभिमान वाटला. आज श्वास किती शांत लागतोय, चाळीस किलो ओढतोय तरी हवा जाईना! पन्नाशीकडे झुकलेला माणूस आणि हे फुप्फुस! खरं तर हवा भराभर संपत होती, नेहमीपेक्षा जास्तच, कारण ओझं ओढणारा माणूस जास्त श्वास घेतो. पण ती उजव्या टाकीतून जात होती आणि गेज डाव्या टाकीचं होतं.

बाविसाव्या मिनिटाला जोडीदाराने मला त्याचं गेज दाखवलं. साठ बार. अंगठा वर केला, म्हणजे चला वर. मी त्याला माझं गेज दाखवलं. त्याचे डोळे काचेतून मोठे झालेले मला अजून दिसतात. मी हाताने खूण केली: थांब, माझ्याकडे पुष्कळ आहे. खडकाखाली एक मोठा गोब्रा बसला होता, तो मला आणखी जरा बघायचा होता. तो थांबला. एकट्या गेजमुळे नाही थांबला तो, दादा सांगतोय म्हणून थांबला.

सव्विसाव्या मिनिटाला एक श्वास जड आला. पुढचा अर्धाच आला. त्याच्या पुढचा आलाच नाही. गेजवर २००.

तरणतलावातल्या त्या संध्याकाळींनी मला वाचवलं. डोकं गोंधळलं होतं, पण हात गळ्याखाली गेला आणि दुसरा रेग्युलेटर तोंडात आला. हवा आली. डावी टाकी भरलेली होती. मग उजवा हात मागे नेऊन मधला नळ फिरवला. कानाशी जोरात फुस्स झालं आणि माझ्या डोळ्यांदेखत गेजचा काटा दोनशेवरून घसरत शंभरावर आला. त्या काट्याकडे बघताना मला एकच कळत होतं: ही चार मिनिटं मी याला खोट्या आकड्यावर थांबवून ठेवलं. त्याची हवा माझ्या आधी संपली असती तर मी त्याला काय दिलं असतं? उजवीकडचा, लांब नळीचा, रिकामा रेग्युलेटर.

त्याच्याकडे पस्तीस बार उरले होते. वर निघालो, पाच मीटरवर थांबलो. तिथे त्याला माझ्या लांब नळीतून हवा दिली. तोवर ती पुन्हा भरलेली होती.

हे पाच मीटरवर थांबणं कशासाठी, तेही सांगायला हवं, कारण दोन टाक्यांचा दुसरा धोका त्यातच आहे. खोल पाण्यात हवेतला नायट्रोजन रक्तात आणि चरबीत मुरत जातो. माणूस एकदम वर आला तर सोड्याची बाटली उघडावी तसे शरीरात बुडबुडे होतात. सांधे धरतात, कधी पाय जातात, कधी जीवही. जॉन स्कॉट हाल्डेन या शास्त्रज्ञाने बोकडांवर प्रयोग करून १९०८ साली कोणत्या खोलीवर किती वेळ आणि वर येताना कुठे किती थांबायचं याची कोष्टकं छापली. (त्यांचे चिरंजीव जे. बी. एस. हाल्डेन पुढे भारतात येऊन इथलेच नागरिक झाले.) आजची कोष्टकं सुधारलेली आहेत, तत्त्व तेच. वीस मीटरवर साधारण चाळीस-पंचेचाळीस मिनिटांपर्यंत न थांबता वर येता येतं. आता मघाचा हिशेब आठवा. एका टाकीची हवा सत्तावीस मिनिटांत संपते. म्हणजे एक टाकीवाला माणूस, एकाच खेपेपुरता तरी, मर्यादेच्या आतच वर येतो, त्याला इच्छा असो वा नसो. दुसरी टाकी लावली की ही राखण जाते. हवा असते पण वेळ संपलेला असतो, आणि ते सांगणारी शीळ कुठेच वाजत नाही. मी कागदावर पंचावन्न मिनिटं मांडून दाखवली तेव्हा ही रेघ ओढलीच नव्हती.

बोटीवर जोडीदाराने विचारलं, "दादा, तुमचं गेज एकदम खाली कसं आलं?" मी म्हणालो, "अडकलं असेल." हो, म्हणालो. मुर्डेश्वरचा किनारा येईपर्यंत तेच धरून बसलो. मग धक्क्यावर सामान उतरवताना राहवेना. त्याला बाजूला घेऊन सगळं सांगितलं, नळाचं आणि खुणेचंही. तो काही बोलला नाही. त्याने माझ्या टाक्या उचलून टेम्पोत ठेवल्या, नीट, कापड गुंडाळून. परतीच्या रस्त्यात तो पुढे ड्रायव्हरशेजारी बसला.

पुढचे सात-आठ महिने त्याने माझ्याबरोबर पाण्यात उडी मारली नाही. मी बोलावलंही नाही. घरी बायकोला सांगितलं ते पावसाळ्यात, लाईट गेली होती तेव्हा, अंधारात. ती ऐकून घेऊन एवढंच म्हणाली, "दुप्पट."

मी टाक्या विकल्या नाहीत. दोष टाक्यांचा नव्हता. उलट दुसरी टाकी आणि दुसरा रेग्युलेटर नसता तर मी आज माईकसमोर बसलो नसतो, हेही तितकंच खरं. पण मी दोन बदल केले. गळका मॅनिफोल्ड काढून टाकला आणि नवा घेतला. आणि पाण्यात उतरल्यावर पाच मिनिटांनी काटा हलला नाही तर वर यायचं, मासा असो की मोती, असं ठरवून टाकलं. न हलणारा काटा बघून आता मला आनंद होत नाही.

गेली काही वर्षं मी बहुधा एकच टाकी लावतो. वय झालं, गुडघे ऐकत नाहीत. मालवणला, तारकर्लीला तेवढी पुरते. पण वर्षातून एखाद्या वेळी जोडी बाहेर निघते, आणि तेव्हा बरोबर तोच असतो, दिवाळ्याचा. त्याचे आता केस पिकलेत. बोटीच्या काठावर मी पाठीला ओझं लावून बसलो की तो काही न बोलता माझ्या मागे येतो. मी नळ तपासलेले असतात, त्याला ते माहीत असतं. तरी तो हात घालून मधला नळ स्वतः शेवटपर्यंत फिरवून बघतो, टाकीवर दोनदा टकटक करतो, आणि मग माझ्या आधी पाण्यात उडी मारतो.